उमेदवारीचे वर्ष

उमेदवार हा शब्द हल्ली निवडणुकीने पळवून नेला आहे. चौकाचौकांतले फलक पाहावेत, तर त्यांवर हात जोडून उभा असलेला उमेदवार इस्त्रीच्या कपड्यांतला, हसतमुख आणि असतो त्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण. आपल्या आजोबांच्या वेळी मात्र 'उमेदवारी करणे' याचा अर्थ अगदीच निराळा होता. कुणी वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करी, कुणी छापखान्यात खिळे जुळवीत करी, कुणी मामलेदार कचेरीत बिनपगारी कारकून म्हणून करी. आज आपण कोणीच नाही, उद्या कोणीतरी होऊ, एवढ्या बोलीवर दुसऱ्याच्या हाताखाली राबायचे, याचे नाव उमेदवारी. उमेद हा शब्द फारसीतून आलेला, अर्थ आशा. म्हणजे ज्याच्या गाठीला आशेवाचून दुसरे भांडवल नाही, तो उमेदवार!

सरकारी मराठीची आपण एरवी इतकी थट्टा करतो. पण हा जुना अर्थ तिने एका ठिकाणी जपून ठेवला आहे. १९६१ साली संसदेने ॲप्रेंटिसांचा कायदा केला. त्याच्या मराठी कागदांत कारखान्यात काम शिकणाऱ्या मुलाला 'शिकाऊ उमेदवार' म्हटलेले असते आणि त्याला महिन्याकाठी मिळणाऱ्या पैशांना 'विद्यावेतन'. पगार म्हणायचे नाही. पगार कामगाराला मिळतो, आणि शिकाऊ हा कामगार नव्हे, असे त्या कायद्याच्या अठराव्या कलमात स्वच्छ लिहिले आहे.

मी असा शिकाऊ उमेदवार होतो. हे मी वर्गात सांगितले, की मुले हसतात. मराठीचा मास्तर आणि कारखान्यात? माझे हात पाहून तर त्यांचा मुळीच विश्वास बसत नाही. वीस वर्षे खडू आणि उत्तरपत्रिका यांखेरीज काही न उचललेले हे हात आता कुणाही कारकुनाचे शोभावेत असे झाले आहेत. तरी १९९७-९८ हे एक वर्ष मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत निळा अंगरखा घालून काढले आहे, आणि माझ्या सगळ्या शिक्षणात मला खरोखर कुणी शिकवले असेल, तर ते त्या वर्षी, असे मला पुष्कळदा वाटते.

आमचे वडील प्राथमिक शिक्षक. १९९५ साली मी दहावी झालो तेव्हा गुण मध्यम, घरची परिस्थिती त्याहून मध्यम आणि थोरल्या बहिणीचे लग्न नुकतेच झालेले. वडिलांनी मला आय.टी.आय.त फिटरच्या वर्गात घातले. दोन वर्षांत हाताला काम लागेल, हा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. पण तो करताना त्यांना सुख झाले नसावे. गल्लीत लोक विचारीत, "मास्तर, मुलगा कुठे घातला?" आणि वडील 'आय.टी.आय.' म्हणाले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी काही सहानुभूती पसरे, जणू मुलगा सिव्हिल हॉस्पिटलात दाखल केला आहे. आपल्या पांढरपेशा घरांत हे आजही फारसे बदललेले नाही. मुलगा इंजिनिअर झालेला आपल्याला हवा असतो. त्याने इंजिनाला हात लावावा, अशी मात्र आपली अपेक्षा नसते.

बाहेरच्यांना जळगाव म्हटले, की केळी, वांग्याचे भरीत, सराफ बाजार आणि मे महिन्यातला उन्हाळा आठवतो. पण आमचे हे गाव यंत्रांचेही आहे. डाळ मिल आहेत, प्लॅस्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत, शेतीचे पाईप आणि ठिबकचे सामान करणारे मोठे उद्योग आहेत. शेजारी भुसावळला रेल्वेचे मोठे पसारे. तिथलाच १९४९ सालचा ऑर्डनन्सचा कारखाना, आणि पुढे वरणगावचा १९६४ सालचा. आय.टी.आय.च्या प्रत्येक मुलाचे स्वप्न एकच असे: रेल्वेत नाहीतर ऑर्डनन्समध्ये शिकाऊ म्हणून नंबर लागावा. ज्याचा लागे, त्याच्या घरी पेढे वाटीत. माझा लागला नाही. मला औद्योगिक वसाहतीतला एक मध्यमसा कारखाना मिळाला. त्याचे नाव इथे नको. तिथे डाळ मिलच्या यंत्रांचे सुटे भाग होत आणि थोडे पत्र्याचे काम होई. दोन शेड होत्या. एकीत फिटिंग आणि लेथ, दुसरीत प्रेस. आम्ही अकरा जण एका दिवशी रुजू झालो. सहा जण पहिल्या शेडमध्ये गेले, पाच दुसरीत. ही वाटणी कुणी आणि कशावरून केली, कोण जाणे. बहुधा यादीतल्या क्रमाने केली असावी. पण त्या वाटणीने पुढे किती फरक पडला, हे सांगण्यासाठीच मी आज लिहायला बसलो आहे.

पहिल्या शेडमध्ये आप्पा होते.

आप्पांचे वय तेव्हा पंचावन्नाच्या पुढे असावे. डोक्यावर टोपी, कानामागे पेन्सिल, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. शिक्षण चौथी. धुळ्याकडच्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यांनी लहानपणी उमेदवारी केली होती. कागदावरची नव्हे, जुन्या पद्धतीची. उस्तादाचा डबा आणायचा, त्याची हत्यारे पुसायची आणि चुकले की पाठीत पाना खायचा. ते घरी अहिराणी बोलत आणि कारखान्यातही अहिराणीच बोलत. मालकाशी बोलताना तेवढी ती थोडी सावरून घेत.

आम्ही सहा जण आमची प्रमाणपत्रे घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिलो. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाहीत. प्रत्येकाच्या हातावर मऊ पोलादाचा एक ओबडधोबड तुकडा ठेवला, एक कानस दिली आणि हा तुकडा पन्नास मिलिमीटर चौकोनी करा, सहाही बाजू सपाट आणि काटकोनात, असे सांगून ते आपल्या कामाला निघून गेले. आय.टी.आय.त आम्ही पहिल्याच सत्रात हे काम केले होते. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. तुकडा संपवायला मला बावीस दिवस लागले.

कानस चालवणे ही पाहायला मोठी सोपी गोष्ट आहे. व्हाइस कोपराच्या उंचीला हवा. डावा पाय पुढे. पुढे जाताना कानशीवर दाब द्यायचा, मागे येताना काढून घ्यायचा. कारण तिचे दात पुढे जातानाच कापतात, आणि मागे ओढताना दाब दिला, तर उगीच बोथट होतात. झाले, एवढेच शास्त्र. पण माणसाचे हात खांद्याला टांगलेले आहेत, आणि खांद्याभोवती फिरणारी वस्तू सरळ रेषेत जात नाही. ती झोपाळ्यासारखी जाते. त्यामुळे नवशिक्याने घासलेल्या तुकड्याच्या कडा बसतात आणि मध्ये पोट राहते. डोळ्याला ते दिसत नाही. तुम्हाला वाटते, आरशासारखे सपाट झाले. मग आप्पा येत. तुकडा हातात घेत, खिशातून फडक्यात गुंडाळलेला गुण्या काढीत, त्याची पट्टी तुकड्यावर टेकवीत आणि दोन्ही मिळून खिडकीच्या उजेडापुढे धरीत.

"दिसस का उजेड?"

दिसायचा. पट्टी आणि पोलाद यांच्यामध्ये, केसाहून कितीतरी बारीक अशी उजेडाची रेघ दिसायची. त्यावर आप्पा काही बोलत नसत. तुकडा परत व्हाइसमध्ये अडकवून ते निघून जात. अमुक चुकले, तमुक असे कर, असे भाषण त्यांनी मला कधीही दिले नाही. एकदाच, बहुधा दहाव्या दिवशी, माझ्या मागे उभे राहून त्यांनी माझा उजवा कोपर दोन बोटांनी किंचित आत ढकलला आणि तिथेच धरून ठेवला. मी दहा-बारा वेळा कानस मारीपर्यंत ते तसेच उभे होते. त्यांच्या विडीचा वास मला अजून आठवतो. त्या दहा-बारा झटक्यांत मला जे कळले, ते पुस्तकात होते. मी ते परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण खांद्याला ते त्या दिवशी कळले.

दुसरे एकदा आम्ही दोन तुकड्यांचा जोड करीत होतो. एकात खाच, दुसऱ्याचा दात तिच्यात बसायचा. मी व्हर्नियरने माप घेत बसलो होतो. आप्पा म्हणाले, "हातले इचार." हाताला विचार. आणि त्यांनी आपल्या अंगठ्याचा गाभा जोडावरून अलगद फिरवला. जिथे एक तुकडा दुसऱ्याहून तसूभरही नव्हे, मिलिमीटरच्या काही शतांशांइतका वर असेल, तिथे अंगठा अडखळतो. तुम्ही घरी करून पाहा; टेबलावर कागद ठेवा आणि डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. साध्या कागदाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते आणि बोटाला ती भिंतीसारखी लागते. एवढी मोठी विद्या आपण बोटांच्या टोकांवर घेऊन हिंडतो आणि तिचा उपयोग नोटा मोजण्यापलीकडे करीत नाही.

लोखंडाचा कीस कानशीच्या दातांत अडकून राहू नये म्हणून तिला खडू फासतात. तेव्हा माझा आणि खडूचा संबंध हा असा फार जुना आहे!

पुढे मराठीचा विद्यार्थी झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की त्या शेडमध्ये मी भाषाही शिकत होतो. तिथे बोल्टचे आटे झिजत नसत, ते 'मरत'. धार 'बसे'. बेअरिंग बिघडण्याआधी 'बोलू लागे'. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि आप्पांच्या तोंडी मिलिमीटरपेक्षा सूतच अधिक असे. अलंकारशास्त्र शिकवताना निर्जीवावर सजीवाचा आरोप वगैरे मी फळ्यावर लिहितो, तेव्हा मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. लेथवर काम करणाऱ्या माणसाला हा अलंकार वाटत नाही. बेअरिंग बोलते, म्हणजे बोलते. त्याने ते ऐकले नाही, तर संध्याकाळपर्यंत शाफ्ट जाते.

आप्पा 'विटवर्थ' हा शब्द नेहमी वापरीत. जिनिंगच्या जुन्या विलायती यंत्रांना त्या मापाचे आटे असत. विटवर्थ हे एका माणसाचे नाव आहे, हे आप्पांना माहीत नसावे. मलाही ते फार उशिरा कळले. जोसेफ व्हिटवर्थ हा इंग्रज कारागीर. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले नावाच्या उस्तादाच्या कारखान्यात त्याने काम केले होते. स्क्रूच्या आट्यांचे एक प्रमाण ठरवावे, ही सूचना त्याने १८४१ साली मांडली. पण मला त्याची दुसरी एक गोष्ट अधिक आवडते. पृष्ठभाग अगदी सपाट आहे, हे ठरवायचे कसे? त्याला लावून पाहायला आधी दुसरा सपाट पृष्ठभाग हवा. आणि तो सपाट आहे, हे कशावरून? त्यावर त्याने १८४० साली जी रीत सांगितली, ती तीन पाट्यांची. दोनच पाट्या एकमेकींवर घासून जुळवल्या, तर एकीला पोट आणि दुसरीला खळगा असूनही त्या बेमालूम जुळतील. पण तीन पाट्या घ्या, आणि प्रत्येक पाटी उरलेल्या दोघींशी जुळते का पाहा. तिन्ही एकमेकींशी जुळल्या, तर त्या सपाट असल्यावाचून गत्यंतर नाही. दोघांचे जमले म्हणजे दोघेही सरळ, असे नव्हे. हे संसारातही खरे असावे, पण तो विषय आज नको.

आता दुसऱ्या शेडविषयी.

तिथे आप्पा नव्हते. तिथे कुणीच नव्हते. एक सुपरवायझर असे. पण तो मालाचे आकडे मोजायला, माणसांना शिकवायला नव्हे. पाच मुलांना पहिल्या आठवड्यातच पॉवर प्रेसवर बसवले. पत्र्याची पट्टी साच्याखाली सरकवायची, पायपट्टी दाबायची, वरून ठोका येतो, वॉशर खाली पडतो. पुन्हा पट्टी सरकवायची. शिकायला पाच मिनिटे लागतात. त्यानंतर त्या कामात शिकण्यासारखे काही उरत नाही, पाळी तेवढी उरते. ती मुले आम्हाला जेवणाच्या सुट्टीत हसत. तुम्ही अजून तुकडाच घासताय, आम्ही रोज हजारांनी माल काढतो! आणि खरे सांगायचे, तर आम्हालाही त्यांचा थोडा हेवा वाटे. ती कामाची माणसे दिसत, आम्ही बालवाडीतले.

त्यांच्यातला एक मुलगा यावल तालुक्यातला, आय.टी.आय.त दोन वर्षे माझ्या शेजारच्या व्हाइसवर असलेला. श्रावणातल्या एका दुपारी, दुसऱ्या पाळीत, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. साच्यापुढे हात जाऊ नये म्हणून जाळी असते. ती वेग कमी होतो म्हणून वर बांधून ठेवलेली होती. बांधली कुणी, हे पुढे कधीच ठरले नाही. आम्ही धावलो तेव्हा तो मुकाट्याने उभा होता आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून पायपट्टीकडे पाहत होता.

पुढचे तीन-चार महिने कागदांचे गेले. हा कामगार की शिकाऊ? शिकाऊ कामगार नव्हे, हे अठरावे कलम त्या काळात आम्हाला प्रथम ऐकू आले. पण त्याच कायद्यात, शिकाऊला कामावर दुखापत झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हेही आहे. ते कलम ऐकू यायला वेळ लागला. अखेरीस काही रक्कम मिळाली. मला त्यातले एकच दृश्य सांगायचे आहे, आणि तेही मी पाहिलेले नाही. चहा नेणाऱ्या पोऱ्याने आम्हाला सांगितले. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी आप्पा ऑफिसचा जिना चढून वर गेले. वीस वर्षांत ते पगाराच्या सहीखेरीज वर गेले नव्हते. टोपी काढून त्यांनी मालकांपुढे एकच प्रश्न विचारला: "पोरना मांगे कोन उभं व्हतं?" पोराच्या मागे कोण उभे होते? मालक म्हणाले, चौकशी चालू आहे. आप्पा म्हणाले, "मी चौकशी नही इचारत," आणि खाली आले. त्या दिवशी ते कुणाच्या तुकड्याकडे फिरकले नाहीत.

दोन्ही शेडमध्ये कायदा तोच होता, करारपत्र तेच, विद्यावेतन तेवढेच, आणि वर्षअखेर मिळणारे प्रमाणपत्रही तेच. कागदावर त्या अकरा जणांचे शिक्षण एकसारखे झाले. मालक स्वतः त्या कामातला जाणकार नसेल, तर त्याने लायक माणूस शिकवण्यासाठी नेमावा, असेही कायद्यात आहे. म्हणजे कायद्याला आप्पा ठाऊक होते. फक्त दुसऱ्या शेडमध्ये ते नाहीत, हे पाहायला कुणी आले नाही. जर्मनीत १९६९ साली व्यवसायशिक्षणाचा कायदा झाला. तिथे कारखान्यात शिकाऊंची जबाबदारी घेणाऱ्याला, आपल्याला काम येते एवढे दाखवून भागत नाही. शिकवता येते, हेही सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी स्वतंत्र परीक्षा असते. हे वाचले तेव्हा मला प्रथम आप्पांची आठवण झाली आणि मग हसू आले. चौथी शिकलेले आप्पा त्या परीक्षेला बसले असते, तर लेखी पेपरात खास नापास झाले असते!

वर्ष संपले. अकरा जणांपैकी दोघांना कारखान्याने ठेवून घेतले, बाकीच्यांना निरोप दिला. याला अन्याय म्हणता येत नाही. शिकाऊला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही आणि ती घेण्याचे बंधन शिकाऊवर नाही, असे मूळ कायद्याचे बाविसावे कलम म्हणत होते. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाने याबाबत आपले धोरण ठरवावे, एवढे त्यात आले. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला कलमे कळत नाहीत. निळा अंगरखा परत करून फाटकाबाहेर पडताना त्याला एवढेच कळते, की काल भोंगा आपल्यासाठीही वाजत होता, उद्या वाजणार नाही.

मी तो चौकोनी तुकडा तेवढा मागून घेतला. घरी आणून टेबलावर ठेवला. वडिलांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला, सहाही बाजूंवरून बोट फिरवले आणि विचारले, "हे हाताने केलेस?" मी हो म्हणालो. पुढे काही ते बोलले नाहीत. पण त्यानंतर सेवानिवृत्त होईपर्यंत सहामाही-वार्षिकच्या उत्तरपत्रिका तपासताना त्यांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून तोच तुकडा असे. घरात पितळेचे छान नक्षीचे वजन होते, ते त्यांनी कपाटात टाकले.

मी मग बारावी बाहेरून केली, बी.ए., एम.ए. झालो आणि पोटासाठी मराठीला लागलो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडून कारखानदार झाले. मी कारखाना सोडून मास्तर झालो. देशाचा त्यात तोटा झाला असे कुणी म्हणणार नाही! पण लक्ष्मणरावांच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि तिचे पुढे मराठीतले एक नामवंत मासिक झाले, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. लोखंडाचा आणि मराठीचा काही संबंध नसतो, असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी.

नोकरी लागल्यावर एकदा आप्पांना भेटायला गेलो होतो. ते घरीच असत. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. काय शिकवतोस, म्हणाले. मराठी, म्हटले. ते थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "मराठीमा उजेड कसा देखस?" मराठीत उजेड कसा पाहतोस? दर वर्षी तीनशे निबंध तपासताना हा प्रश्न मला छळतो. आप्पा २०११ साली गेले.

आता काळ बदलला आहे. शिकाऊ उमेदवारांची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते. २०१६ पासून केंद्राची प्रोत्साहन योजना आहे आणि विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. आमच्या वेळचे काही शे रुपये आठवले, की ही रक्कम मोठी वाटते आणि बाजारात जाऊन आले, की लहान. नव्या शैक्षणिक धोरणाने तर आमच्या एम.ए.च्या मुलांनाही 'ऑन जॉब ट्रेनिंग' लावले आहे. मराठीच्या मुलांना प्रत्यक्ष कामावर पाठवायचे कुठे, यावर आमच्या विभागाची एक प्रदीर्घ बैठक झाली. एका सहकाऱ्याने सुचवले, की वर्तमानपत्रात पाठवावे; दुसरे म्हणाले, तिथे तरी मराठी कुठे उरले आहे? बैठक तहकूब झाली.

माझे हे सहकारी शिकाऊ योजनेला सरळ 'स्वस्त मजूर पुरवठा' म्हणतात. त्यांच्याशी मी वाद घालीत नाही, कारण दुसरी शेड मी पाहिलेली आहे. आजही शिकाऊ म्हणून घ्यायचे, पहिल्या दिवसापासून मालावर बसवायचे आणि वर्ष संपले की पुढची तुकडी आणायची, असे चालते, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकतो. पण सगळेच तसे असते तर मी हा लेख लिहिला नसता. पहिली शेडही मी पाहिलेली आहे.

गेल्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयातली एक मुलगी माझ्याकडे आली. एरंडोलकडची. वडिलांची अडीच एकर कोरडवाहू. मुलगी हुशार, मराठीत तर विशेषच. बी.ए.चे पहिले वर्ष संपवून तिला शिक्षण मध्येच थांबवायचे होते; प्लॅस्टिकचे साचे वापरणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून तिची निवड झाली होती. मुलींना आता तिथे घेतात, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. आमच्या वेळी दोन्ही शेडमध्ये मिळून एक स्त्री होती, ती झाडणारी. मुलगी म्हणाली, "सर, घरचे म्हणतात जा. मॅडम म्हणतात, डिग्री पूर्ण कर. तुम्ही सांगा." तिच्या हातात निवडीचे पत्र होते. विद्यावेतनाची रक्कम, कामाचे तास, बसची सोय, सगळे त्यात व्यवस्थित छापलेले.

मी पत्र वाचून परत दिले. म्हटले, "यात तुला शिकवणार कोण, ते लिहिलेले नाही."

"म्हणजे, सर?"

"म्हणजे यंत्रापाशी तुझ्या मागे कोण उभे राहणार? त्याचे नाव विचारून ये. आणि जमले, तर तो माणूस काम करताना दहा मिनिटे पाहून ये. मग सांगतो."

तिला हे विचित्र वाटले असावे. सर टाळताहेत, असेही वाटले असेल. ती गेली. माझ्या पत्नीचे मत पडले, की मुलीला सरळ हो किंवा नाही सांगायला हवे होते. एवढ्या लहान मुलीला कारखान्यात जाऊन असले प्रश्न विचारायला लावणे बरे नव्हे. मलाही रात्री तसे वाटू लागले होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मागे बसचा आणि कंडक्टरचा आवाज येत होता, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती. "सर, विचारलं. ऑफिसमधले आधी हसले. म्हणाले, असं कुणी विचारत नाही. मग आतून एका काकांना बोलावलं. पांढरे केस आहेत त्यांचे. मी त्यांना म्हटलं, मला तुमचं काम बघायचंय. ते साचा साफ करीत होते, सर. काहीच बोलले नाहीत. माझा हात धरून साच्यावर ठेवला आणि म्हणाले, कुठे खरखर लागते, सांग."

"मग? लागली?"

"पहिल्यांदा नाही लागली. ते म्हणाले, परत बघ."

बस कुठल्याशा थांब्यावर थांबली असावी. तिकडचा गलका एकदम वाढला आणि फोन तुटला. सोमवारी ती दाखल्याचा अर्ज घेऊन आली. मी सही केली, आणि दोन वर्षांत बी.ए. बाहेरून पुरे करण्याचे तिच्याकडून कबूल करून घेतले.